विषाचे दात काढणारा पशुवैद्य

तुम्ही दहा वर्षांचे झालात त्या सुमारास एखाद्या दिवशी शाळेत आरोग्यसेविका आल्या असतील. त्यांच्याजवळ बर्फ घातलेली निळी पेटी असते. वर्गातील मुले रांगेत उभी राहतात, पुढच्याचा चेहरा पाहून मागच्याचा धीर सुटतो आणि कोणी तरी हळूच रांगेतून मागे सरकतो. सुई टोचली, की दंड दोन दिवस ठणकतो. त्या लसीचे नाव टीडी. टी म्हणजे टिटॅनस, मराठीत धनुर्वात. डी म्हणजे डिप्थेरिया, मराठीत घटसर्प. सोळाव्या वर्षी ती पुन्हा घ्यायची असते.

येथे एक शब्द नीट लक्षात ठेवा. उर्दूत आपण ज्याला टीका म्हणतो, त्याला मराठीत लस म्हणतात. मराठीत टीका करणे म्हणजे दोष दाखवणे. तेव्हा निबंधात टीका घेतली असे लिहू नका, लस टोचून घेतली असे लिहा.

आता खरी गोष्ट ऐका. त्या छोट्या बाटलीत काय होते, ठाऊक आहे? त्यात दोन विषे होती. घटसर्पाच्या जंतूंचे एक आणि धनुर्वाताच्या जंतूंचे दुसरे. जगातील अतिशय जहाल विषांत त्यांची गणना होते. तरीही तुमचा फक्त दंड दुखला, कारण कोणी तरी त्या विषांचे दात आधीच काढून ठेवले होते. हे काम करणाऱ्या माणसाचे नाव गॅस्टन रामोन. तो माणसांचा डॉक्टर नव्हता. तो घोड्यांचा डॉक्टर होता.

रामोन यांनी काय केले हे कळण्यासाठी आधी घटसर्प समजून घेतला पाहिजे. उर्दूत या रोगाला खुनाक म्हणतात. आज तुमच्यापैकी फार थोड्यांनी हा रोगी पाहिला असेल. पण शंभर वर्षांपूर्वी या रोगाचे नाव काढले, की आईच्या पोटात गोळा उठत असे. मुलाचा घसा दुखू लागतो, ताप येतो आणि घशात राखाडी रंगाचा जाड पापुद्रा धरतो. तो वाढत जातो, श्वास अडतो आणि मूल गुदमरते. एकट्या अमेरिकेत १९२१ साली या रोगाचे दोन लाखांहून अधिक रुग्ण झाले आणि पंधरा हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत बहुतेक लहान मुले होती.

या रोगात एक कोडे होते. जंतू तर घशातच राहतात, मग मुलाचे हृदय का बंद पडते? त्याचे हातपाय का लुळे पडतात? पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एमिल रू आणि अलेक्झांडर येरसँ या दोघांनी १८८८ साली हे कोडे सोडवले. ज्या पाण्यात जंतू वाढवले होते, ते त्यांनी अगदी बारीक गाळणीतून गाळले. आता पाण्यात एकही जंतू उरला नाही. तरीही ते पाणी टोचताच जनावरे मेली. म्हणजे मारणारा जंतू नव्हे, तर त्याने सोडलेले विष होते.

दोन वर्षांनी बर्लिनमध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी पुढचे पाऊल टाकले. जनावराला हे विष थोडे थोडे दिले, तर त्याच्या रक्तात विषावरचा उतारा तयार होतो, हे त्यांनी दाखवले. या उताऱ्याला प्रतिविष म्हणू या. मग घोडे पाळण्यात आले. घोड्याला विष टोचायचे, रक्त काढायचे, त्यातील पिवळसर पाणी म्हणजे सीरम वेगळे करायचे आणि आजारी मुलाला द्यायचे. बेरिंग यांना १९०१ साली वैद्यकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. हजारो मुले वाचली.

पण घोड्याचे प्रतिविष हे उसने धन. काही आठवड्यांत ते संपून जाते. शिवाय ते मिळते ते मूल आजारी पडल्यावर, आणि खेड्यातल्या मुलापर्यंत ते वेळेवर पोहोचेल याचा भरवसा नाही. निरोगी मुलाच्या शरीरानेच स्वतःचे प्रतिविष तयार केले तर किती बरे! परंतु त्यासाठी मुलाला विषच टोचावे लागणार. कोणती आई हे करू देईल?

काही शास्त्रज्ञांनी विष आणि प्रतिविष एकत्र मिसळून टोचण्याची युक्ती काढली. ती पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडली. पण हे तराजूचे काम होते. १९१९ साली अमेरिकेतील डलास शहरात अशा मिश्रणात विष जास्त राहिले आणि काही मुलांचा बळी गेला. ज्या मुलांना वाचवायचे, तीच लसीने गेली. अशी एक बातमी आली, की शंभर आया आपल्या मुलांना घरात दडवतात. त्यांना दोष कसा द्यावा?

अशा काळात रामोन पुढे आले. त्यांचा जन्म ३० सप्टेंबर १८८६ रोजी फ्रान्समधील बेलशोम या लहानशा गावी झाला. पॅरिसजवळ आल्फोर येथे जनावरांच्या डॉक्टरांचे प्रसिद्ध विद्यालय आहे. तेथे ते शिकले. शिक्षण संपताच त्यांना पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी मिळाली. पण पॅरिसच्या भव्य इमारतीत नव्हे, तर शहराबाहेर गार्श गावाजवळच्या शाखेत. तेथे संस्थेचे तबेले होते. प्रतिविषासाठी पाळलेल्या घोड्यांना विष टोचणे, त्यांचे रक्त काढणे, सीरम बाटल्यांत भरणे, हे त्यांचे रोजचे काम. मोठ्या शास्त्रज्ञांच्या दृष्टीने ते हलके काम असेल. रामोन यांनी मात्र ते डोळे उघडे ठेवून केले.

पहिले महायुद्ध १९१४ साली सुरू झाले. खंदकांतील चिखलात सैनिक जखमी होत. त्या मातीत धनुर्वाताचे जंतू असत. म्हणून प्रत्येक जखमी सैनिकाला धनुर्वाताचे सीरम द्यावे लागे. बाटल्या लाखोंनी लागत, पण सीरम लवकर नासे. ते टिकावे म्हणून रामोन यांनी त्यात अगदी थोडे फॉर्मॅलिन घालण्याची पद्धत काढली. शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीत बेडूक किंवा साप ठेवलेला तुम्ही पाहिला असेल. तो ज्या उग्र वासाच्या द्रवात असतो, तेच हे फॉर्मॅलिन. १९१७ साली रामोन यांचा विवाह झाला. त्यांची पत्नी एमिल रू यांच्या नात्यातली होती.

युद्ध संपल्यावर ते एका वेगळ्याच अडचणीकडे वळले. घोड्याच्या सीरममध्ये प्रतिविष किती आहे हे मोजायचे कसे? तेव्हा त्यासाठी पुष्कळ गिनीपिग मारावे लागत. रामोन यांनी काचेच्या नळ्यांची एक रांग मांडली. प्रत्येक नळीत सारखेच विष घातले आणि प्रतिविष मात्र चढत्या प्रमाणात घातले. थोड्या वेळाने एका नळीतील पाणी सर्वांच्या आधी गढूळ झाले आणि त्यात कापसाच्या पुंजक्यांसारखे पांढरे कण दिसू लागले. ज्या नळीत विष आणि प्रतिविष बरोबर तोलाचे होते, तीच ही नळी. ही गोष्ट १९२२ ची. आता जनावर न मारता साध्या डोळ्यांनी मोजमाप करता येऊ लागले.

यापुढचा भाग सावकाश वाचा, कारण रामोन यांची खरी बुद्धी येथे दिसते. त्यांनी घटसर्पाच्या विषात फॉर्मॅलिन मिसळले. हजार भागांना तीन-चार भाग, अधिक नाही. मग ते मिश्रण सुमारे ४० अंश उबेत महिनाभर ठेवले. नंतर ते गिनीपिगला टोचले. पुष्कळ मोठी मात्रा दिली, तरी गिनीपिग मेला नाही. विष मेले होते.

एखादा म्हणेल, झाले की काम! पण थांबा. विष उकळले तरी मरते. असे नासलेले विष टोचून काय उपयोग? शरीराला शत्रूची ओळख पटली पाहिजे. रामोन यांनी तेच मिश्रण आपल्या काचेच्या नळ्यांत घातले आणि प्रतिविष ओतले. पाहतात तो काय, पांढरे पुंजके पुन्हा दिसू लागले! म्हणजे प्रतिविष त्या मेलेल्या विषाला अजून ओळखत होते. दात गेले होते, पण चेहरा तोच होता. गारुड्याच्या टोपलीतल्या दात काढलेल्या नागासारखे हे झाले. घटसर्प या शब्दात सर्प आहेच, म्हणून मला ही उपमा सुचली.

पुढची परीक्षा जनावरांवर झाली. हे निर्विष केलेले विष आधी टोचले, काही आठवडे जाऊ दिले आणि मग खरे जहाल विष दिले. जनावरे जगली. शिवाय हे विष पुन्हा जिवंत होत नाही, बाटली बरेच दिवस ठेवली किंवा गरम केली तरीही नाही, हे त्यांनी तपासून पाहिले. डलासची आठवण ठेवली, तर ही तपासणी किती मोलाची होती ते कळेल. डिसेंबर १९२३ मध्ये रामोन यांनी आपला शोध पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडला. त्यांनी त्या पदार्थाला ॲनाटॉक्सिन हे नाव दिले. जगभर त्याला टॉक्सॉईड म्हणतात.

लंडनच्या वेलकम प्रयोगशाळेतील अलेक्झांडर ग्लेनी यांनाही याच सुमारास हीच गोष्ट आढळली होती, हे सांगितले पाहिजे. तेथे विष साठवण्याची भांडी फॉर्मॅलिनने धुतली जात. भांड्यात उरलेल्या फॉर्मॅलिनने विष मंद झाले आणि ते ग्लेनी यांच्या ध्यानात आले. मग श्रेय कोणाचे? मला वाटते, दोघांचेही. पण उब किती, फॉर्मॅलिन किती, दिवस किती, हे ठरवून माणसांना निर्धास्तपणे देता येईल अशी लस बनवण्याचे काम रामोन यांनी अधिक पक्के केले.

घोड्यांनी त्यांना आणखी एक धडा दिला. टोचलेल्या जागी एखाद्या घोड्याला गळू झाले, तर त्याच्या रक्तात प्रतिविष जास्त मिळते, असे त्यांना दिसले. दुसऱ्या कोणी गळू साफ करून विषय संपवला असता. रामोन यांनी विचार केला, की मुद्दाम थोडी सूज आणली तर? म्हणून त्यांनी टॉक्सॉईडमध्ये नाना वस्तू मिसळून पाहिल्या. पावाचा चुरा घातला, टॅपिओकाही घातला. आपल्याकडचा साबुदाणा याच टॅपिओकापासून बनतो. प्रतिविष खरोखर वाढले. ग्लेनी यांनी पुढे याच कामासाठी तुरटीच्या जातीचा क्षार वापरला. तुमच्या टीडी लसीत ॲल्युमिनियमचा असाच एक क्षार असतो, आणि दंड ठणकण्याचे थोडे श्रेय त्याच्याकडे जाते.

मग धनुर्वाताची पाळी आली. ख्रिश्चन झोलर नावाच्या लष्करी डॉक्टरांच्या मदतीने रामोन यांनी धनुर्वाताचे टॉक्सॉईड माणसांना दिले आणि ते सफल झाले. ही गोष्ट १९२६-२७ च्या सुमाराची. दोन लसी एकत्र करून एकाच सुईने देण्याची कल्पनाही या दोघांनी पुढे नेली. कॅनडातील टोरोंटो आणि हॅमिल्टन या शहरांत शाळेतल्या मुलांना घटसर्पाचे टॉक्सॉईड देण्यात आले आणि रोग झपाट्याने ओसरला. फ्रान्समध्ये १९३८ साली ही लस सक्तीची झाली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैनिकांना धनुर्वाताची लस दिलेली होती. त्या सैन्यात लाखो जखमी झाले, पण संपूर्ण युद्धात धनुर्वाताचे रुग्ण निघाले फक्त १२.

इतके करूनही रामोन यांना नोबेल पारितोषिक मिळाले नाही. त्यांचे नाव दीडशेहून अधिक वेळा सुचवले गेले होते. वैद्यकशास्त्रात इतक्या वेळा नाव सुचवूनही पारितोषिक न मिळालेला दुसरा माणूस नाही. कमिटीने असे का केले यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आपण त्यात शिरायला नको. १९४० साली ते थोडा काळ पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालक झाले. पुढे १९४९ ते १९५९ अशी दहा वर्षे त्यांनी जनावरांच्या साथींवर लक्ष ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था सांभाळली. शेवटी पशुवैद्य पुन्हा जनावरांकडेच आला. ८ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले.

माणूस गेला, पण त्याने दात काढलेला नाग पुढे आणखी एका कामाला लागला. रामोन यांनी ते पाहिले नाही. तरी ते सांगितल्याशिवाय त्यांचे चरित्र पुरे होत नाही.

काही जंतू असे असतात, की त्यांच्या अंगावर साखरेच्या जातीच्या पदार्थाचे आवरण असते. न्यूमोनियाचे, मेंदूज्वराचे आणि विषमज्वराचे म्हणजे टायफॉइडचे जंतू या जातीत येतात. ती साखर टोचली, तर मोठ्या माणसाचे शरीर प्रतिकार करते. पण दोन वर्षांखालील बाळाचे शरीर तिच्याकडे नीट लक्षच देत नाही. आणि हे जंतू सर्वांत जास्त घात करतात तो नेमका अशा बाळांचा. आता काय करावे?

शाळेच्या फाटकावरचा रखवालदार डोळ्यांपुढे आणा. एखादा अनोळखी साधा मुलगा आत गेला, तर तो मान वर करत नाही. पण तोच मुलगा गावातल्या नामचीन गुंडाचा हात धरून आला, तर? रखवालदार खडबडून उठतो आणि दोघांचेही चेहरे पक्के ध्यानात ठेवतो. पुढे तो मुलगा एकटा आला तरी ओळखला जातो. शास्त्रज्ञांनी हेच केले. साखरेला टॉक्सॉईडशी जोडून टाकले. टॉक्सॉईड प्रथिन आहे आणि शरीराचे पहारेकरी त्याला पाहून लगेच जागे होतात. साखर प्रथिनाशी जोडली, तर शरीर तिची दखल घेते, हे अमेरिकेत एव्हरी आणि गोबेल यांनी १९३० च्या आसपास दाखवले होते. त्याचा लसीसाठी उपयोग व्हायला मात्र पन्नासहून अधिक वर्षे गेली. साखर आणि घटसर्पाचे टॉक्सॉईड जोडलेली पहिली लस अमेरिकेत १९८७ साली मान्य झाली. ती बाळांना होणाऱ्या एका प्रकारच्या मेंदूज्वरावरची होती. अशा ओझे वाहणाऱ्या प्रथिनाला वाहक म्हणतात.

फॉर्मॅलिनशिवायही विष निर्विष करता येते, हे पुढे कळले. घटसर्पाच्या विषाचे दोन भाग असतात. एक भाग शरीरातील पेशीला धरतो, दुसरा आत शिरून तिला मारतो. धरणारा भाग वेगळा केला, तर तो एकटा मारू शकत नाही. धनुर्वाताच्या विषाचाही असा एक तुकडा आहे. त्याला सी तुकडा म्हणतात, आणि वाहक म्हणून त्याच्यावर प्रयोगशाळांत बरेच काम झाले आहे. १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत उचिदा, पापेनहायमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तर जन्मतःच बिनदाती असे घटसर्पाचे विष सापडले. ते ५३५ मण्यांच्या माळेसारखे आहे. त्यातला ५२ वा मणी तेवढा बदललेला असतो, आणि तेवढ्याने सारे विष थंड होते! त्याचे नाव सीआरएम १९७. न्यूमोनियावरील अनेक लसींत हेच वाहक वापरतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२० साली आणलेल्या न्यूमोसिल लसीतही तेच आहे.

पुण्याचे नाव निघाले म्हणून आणखी एक हकिकत सांगतो. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत मेंदूज्वराचा एक पट्टा आहे. १९९६-९७ च्या साथीत तेथे अडीच लाखांच्या आसपास माणसे आजारी पडली आणि सुमारे पंचवीस हजार मेली. लस महाग असेल, तर त्या गरीब देशांना ती नसल्यासारखीच. तेव्हा सीरम इन्स्टिट्यूटने मेंदूज्वराच्या जंतूंची साखर धनुर्वाताच्या टॉक्सॉईडला जोडली आणि अर्ध्या डॉलरपेक्षा कमी किमतीत लस दिली. ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासो या देशात ती टोचायला सुरुवात झाली. पुढील वर्षांत ज्या देशांत ती दिली गेली, तेथून त्या जातीचा मेंदूज्वर जवळजवळ नाहीसा झाला.

२०१८ च्या जुलै महिन्यात नवी मुंबईत ९ महिन्यांपासून १४ वर्षांपर्यंतच्या मुलांना विषमज्वराची नवी लस देण्याची मोहीम सुरू झाली. पहिल्या फेरीत एक लाखाहून अधिक मुलांनी ती घेतली. हैदराबादेत बनलेल्या त्या लसीतही विषमज्वराच्या जंतूंची साखर धनुर्वाताच्या टॉक्सॉईडवर स्वार झालेली होती.

तुमच्या घरात लहान बाळ असेल, तर दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना त्याला पेंटाव्हॅलंट नावाची लस देतात. एका सुईत पाच रोगांवरचा बंदोबस्त. पुढच्या वेळी आईबरोबर दवाखान्यात गेलात, तर ती बाटली नीट पाहा. पुण्यात बनणाऱ्या त्या लसीत धनुर्वाताचे टॉक्सॉईड दोन वेळा असते. एकदा धनुर्वातासाठी आणि दुसऱ्यांदा मेंदूज्वराच्या जंतूंची साखर पाठीवर घेऊन.